दार कोणी उघडलं, हे घरात राहणाऱ्याला कळलं पाहिजे

इथे कॅलिफोर्नियात आमच्या ओळखीच्या एका कुटुंबानं यंदा घर विकायला काढलं आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जमलेल्या मंडळींत लॉकबॉक्सवरून सरळ दोन तट पडले. लॉकबॉक्स म्हणजे दाराच्या मुठीला नाहीतर गॅसच्या मीटरच्या नळीला अडकवलेली छोटी लोखंडी पेटी. तिच्यात घराची किल्ली असते. गिऱ्हाईक घेऊन आलेला एजंट पेटी उघडतो, किल्ली काढतो, घर दाखवतो आणि किल्ली पुन्हा पेटीत टाकून निघून जातो. मालक त्या वेळी ऑफिसात, मुलं शाळेत. एका तटाचं म्हणणं असं की घराची किल्ली दाराबाहेर टांगणं म्हणजे चोराला घरी बोलावणं. दुसऱ्या तटाचं म्हणणं, ज्याला घर विकायचंय त्यानं एवढं सोसलंच पाहिजे, पेटी नसेल तर कोणी फिरकत नाही. तासभर हमरीतुमरी झाली. मला दोन्ही बाजूंचं पटलं नाही, कारण दोघंही पेटीबद्दल बोलत होते आणि दाराबद्दल कोणीच बोलत नव्हतं. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. लॉकबॉक्स असावा. पण राहत्या घराला तो लावायचा असेल तर दार कोणी उघडलं, किती वाजता उघडलं आणि किती वाजता बंद केलं, ही नोंद त्या घरात राहणाऱ्या माणसाच्या फोनवर त्याच क्षणी आली पाहिजे. राहणारा मालक असो की भाडेकरू, ती त्याला हक्कानं मिळावी, एजंटाच्या मर्जीनं नव्हे. जी पेटी अशी नोंद ठेवूच शकत नाही, ती राहत्या घराच्या दारावर दिसताच कामा नये.

पेट्या दोन जातीच्या असतात, आणि हा फरक आमच्या वादात कोणी धड मांडलाच नाही. एक हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी आकड्यांची पेटी. चार आकडे जुळवले की झाकण उघडतं. आकडे ज्याला माहीत तो आत, आणि आकडे तोंडी सांगता येतात, मेसेजमध्ये पाठवता येतात, चिठ्ठीवर लिहिता येतात. दुसरी इलेक्ट्रॉनिक पेटी, सुप्रा किंवा सेंट्रीलॉकसारखी. ती उघडायला एजंटाच्या फोनमधलं ॲप लागतं, त्याचा स्वतःचा पिन लागतो आणि त्या भागातल्या एमएलएसचं सभासदत्व चालू असावं लागतं. एमएलएस म्हणजे एजंटांची सामायिक यादी, विक्रीला असलेली बहुतेक घरं तिच्यावर असतात. ही पेटी ठरावीक वेळेबाहेर उघडणार नाही अशी लावता येते आणि उघडणाऱ्याचं नाव व वेळ नोंदवते. दोन्हींना लोक ‘लॉकबॉक्स’च म्हणतात. म्हणून एकीच्या चुका दुसरीच्या माथी मारल्या जातात आणि दुसरीचं कौतुक करता करता पहिली खपून जाते.

आता पेटीच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा घेतो, कारण तो मलाही मान्य आहे. लॉकबॉक्स सार्वत्रिक होण्याआधी किल्ली विकणाऱ्याच्या एजंटाच्या खिशात असायची. दुसऱ्या एजंटाला घर दाखवायचं तर त्यानं फोन करायचा, वेळ मागायची, ऑफिसात जाऊन किल्ली आणायची, पुन्हा नेऊन द्यायची. ज्याच्या हातात किल्ली, त्याच्या हातात बाजार. ‘आज जमत नाही’, ‘मालक गावाला गेलेत’, ‘एक ऑफर आलीच आहे’ ही वाक्यं खरी की खोटी हे तपासणार कोण? स्वतःचंच गिऱ्हाईक घुसवून दोन्हीकडचं कमिशन पदरात पाडून घ्यायचं असेल, तर बाकीच्यांना आठवडाभर किल्ली न देणं पुरेसं होतं. आपल्याकडे एकत्र कुटुंबात कोठीच्या किल्ल्या जिच्या कंबरेला, घर तिच्या मुठीत, हे सांगायला लागत नाही. लॉकबॉक्सनं ती मूठ सोडवली. पात्र असलेला कुठलाही एजंट, कुठल्याही ग्राहकाला घेऊन, ठरलेल्या वेळी घर दाखवू शकतो. विकणाऱ्याचं त्यात भलं आहेच, पण घेणाऱ्याचंही आहे, आणि आपल्यासारख्या बाहेरून आलेल्यांचं जरा जास्तच आहे.

हे मी उगाच म्हणत नाही. या देशात वंश, रंग, धर्म पाहून घर नाकारायला १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्यानं बंदी आहे. तरीही २०१९ मध्ये न्यूजडे या वृत्तपत्रानं न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर तीन वर्षं चाललेला शोध छापला. सारखीच ऐपत सांगणारे गोरे आणि बिगरगोरे ग्राहक जोडीजोडीनं एजंटांकडे पाठवले होते, सोबत छुपे कॅमेरे होते. कृष्णवर्णीय ग्राहकांच्या ४९ टक्के चाचण्यांत, हिस्पॅनिकांच्या ३९ टक्के आणि आशियाई ग्राहकांच्या १९ टक्के चाचण्यांत वेगळ्या वागणुकीचे पुरावे मिळाले. काही एजंटांनी गोऱ्यांना सहज घरं दाखवली आणि कृष्णवर्णीयांकडे आधी कर्जमंजुरीचा कागद मागितला. असा भेदभाव जिथे आजही चालतो, तिथे दाराची किल्ली पुन्हा एकाच माणसाच्या खिशात जावी असं मी कसं म्हणेन? ‘पेटीच नको, प्रत्येक वेळी विकणाऱ्याच्या एजंटानं जातीनं हजर राहावं’ ही मागणी सुरक्षित वाटते, पण तिची किंमत नेमकी त्यांनाच मोजावी लागते ज्यांना ‘आज जमत नाही’ हे उत्तर जास्त वेळा मिळतं.

चोराचा मुद्दा मात्र फुगवलेला आहे. ज्याला घर फोडायचंच आहे तो पेटीचे आकडे शोधत बसत नाही. मागच्या अंगणातली काच फोडायला त्याला मिनिटही लागत नाही. पायपुसण्याखाली किंवा तुळशीच्या कुंडीत ठेवलेली किल्ली इलेक्ट्रॉनिक पेटीपेक्षा कितीतरी धोक्याची असते, आणि पेटीला नावं ठेवणाऱ्यांतल्या दोघांच्या घरी ती तशीच ठेवलेली मला माहीत आहे.

धोका वेगळा आहे. तो मी भाडेकरू असताना अनुभवलाय. काही वर्षांपूर्वी आम्ही फ्रीमाँटमध्ये भाड्यानं राहत होतो आणि मालकानं घर विकायला काढलं. त्याच्या एजंटानं एका संध्याकाळी येऊन गॅसच्या मीटरला आकड्यांची पेटी अडकवली. आम्हाला विचारलं नाही, फक्त सांगितलं. तेव्हा आई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आली होती. बुधवारी दुपारी ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मटार सोलत बसली होती. कानातलं यंत्र तिनं काढून ठेवलं होतं, दुपारी ते तिला बोचतं म्हणून. बेल वाजली असेलही, तिला ऐकू आली नाही. मान वर केली तेव्हा तीन अनोळखी माणसं तिच्यापासून चार हातांवर उभी होती. त्यातला एक बूट घालूनच आतल्या खोलीत गेला होता, जिथे भिंतीशी आमचा देव्हारा होता. आईला इंग्रजी कळतं, पण त्या क्षणी तिच्या तोंडून शब्द फुटेना. ते लोक ‘सॉरी, सॉरी’ म्हणाले, तरी दोन मिनिटं घर बघून मगच गेले. मी संध्याकाळी घरी आलो तेव्हा मटार तसेच अर्धे सोललेले होते आणि आई दाराला आतून साखळी लावून दाराकडे तोंड करून बसली होती.

मी मालकाच्या एजंटाला फोन केला. कोण आलं होतं? त्याला माहीत नव्हतं. वेळ कोणी घेतली होती? कोणीच नाही. मग आकडे त्यांच्याकडे कसे गेले? ‘कोणीतरी कोणाला तरी दिले असतील.’ दीड महिना तेच चार आकडे होते. त्या काळात ते किती फोनांत फिरले याचा हिशोब जगात कोणाकडेच नव्हता. घरातली एक वस्तू गेली नाही, पोलिसांत सांगण्यासारखं काही घडलं नाही. आणि तरीही आई उरलेले तीन महिने दुपारी आडवी झाली नाही. यात वाईट हेतू कोणाचा होता? कदाचित कोणाचाच नाही. म्हणूनच मला ही गोष्ट चोरीपेक्षा मोठी वाटते. चोरीची निदान तक्रार तरी करता येते.

कायद्यानं हे सगळं अंधारात सोडलेलं नाही. कॅलिफोर्नियाच्या दिवाणी संहितेचं कलम १९५४ सांगतं की भाडेकरूच्या घरात शिरण्याआधी पूर्वसूचना हवी, आणि चोवीस तास ही वाजवी मुदत धरली आहे. घर विक्रीला असेल तर तसं आधी लेखी कळवून पुढचे १२० दिवस तोंडी किंवा फोनवरची सूचनाही चालते. त्याच कलमात पुढे एक वाक्य आहे, ते मी आईच्या प्रसंगानंतर पहिल्यांदा वाचलं: आत शिरल्यावर, आपण येऊन गेल्याचा लेखी पुरावा घरात ठेवून जायचा. एजंट ओट्यावर व्हिजिटिंग कार्ड ठेवून जातात ते बऱ्याचजणांना जाहिरात वाटतं. खरं तर ती नोंद आहे. घरात राहणाऱ्याला कळलं पाहिजे हे तत्त्व कायद्यानं कधीच मान्य केलंय. आपण ते फक्त कार्डाच्या भरवशावर सोडून दिलंय. आमच्या ओट्यावर त्या दुपारी कार्ड नव्हतं.

आता घर विकायला काढताना मालक आणि त्याचा एजंट यांच्यात होणारा करार, म्हणजे लिस्टिंग करार, बघा. कॅलिफोर्नियातल्या एजंटांच्या छापील लिस्टिंग करारात लॉकबॉक्सचं एक कलम असतं. घरात मालक राहत नसेल तर राहणाऱ्याची लेखी परवानगी मालकानं मिळवायची, असं त्यात आहे. आमची कोणी मिळवली नव्हती. त्याच कलमात हेही आहे की पेटीमुळे चोरी, नुकसान, इजा झाल्यास एजंट, एमएलएस आणि त्यांच्या संघटना विमेकरी नाहीत. म्हणजे पेटी त्यांची, उघडणारे त्यांचे, सोय सगळ्यांची, आणि जोखीम घरात राहणाऱ्याची. जबाबदारी घेणार नाही असं म्हणण्याचा त्यांना हक्क असेल, पण मग माहिती तरी पुरती द्या. जोखीमही माझी आणि अंधारही माझ्याच वाट्याला, हा सौदा कोणत्या न्यायाचा?

पुण्यात आमच्या बँकेत आईच्या नावाचा एक लॉकर आहे. त्याला दोन किल्ल्या लागतात, एक बँकेची, एक आपली, आणि रजिस्टरवर सही. २०२१ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं लॉकरबाबत बँकांचे कान टोचले आणि रिझर्व्ह बँकेला सहा महिन्यांत नियम करायला सांगितले. ऑगस्टमध्ये नियम आले, २०२२ च्या जानेवारीपासून लागू झाले. लॉकर उघडला की त्याच दिवशी ग्राहकाला तारीख-वेळेसह एसएमएस आणि ईमेल गेलाच पाहिजे. आग, चोरी, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यात नुकसान झालं तर वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत बँक जबाबदार. गेल्या दिवाळीत आईनं पाटल्या काढायला लॉकर उघडला आणि संध्याकाळी तिचा फोन वाजला. स्वतःच उघडलेल्या लॉकरचा मेसेज तिनं मला कौतुकानं वाचून दाखवला. पाटल्यांचं दार उघडलं तर मेसेज येतो, आणि ज्या दाराआड ती स्वतः बसली होती ते उघडलं तर ओट्यावर एक कार्डसुद्धा नाही, हे मला त्या संध्याकाळी फार लागलं.

कुलपांच्या इतिहासातही हाच प्रश्न दोनशे वर्षांपूर्वी येऊन गेलाय. १८१७ मध्ये इंग्लंडात पोर्ट्समथच्या गोदीत बनावट किल्ल्या वापरून चोरी झाली आणि सरकारनं आपल्याच किल्लीनं उघडेल असं कुलूप करणाऱ्याला बक्षीस लावलं. जेरमाया चबनं १८१८ मध्ये केलेल्या कुलपाची करामत न उघडण्यात नव्हती, सांगण्यात होती. भलत्या किल्लीनं कोणी खटपट केली की आतली एक पट्टी अडकून बसायची, आणि मालक आपली किल्ली लावायला गेला की त्याला लगेच कळायचं, माझ्यामागे इथे कोणीतरी हात घातलाय. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनाच्या काळात हॉब्स नावाच्या अमेरिकनानं चबचं कुलूप जवळपास पंचवीस मिनिटांत उघडलं, आणि कोणाच्यानं उघडणार नाही म्हणून वर्षानुवर्षं दुकानाच्या खिडकीत आव्हान देत मांडलेलं ब्रामा या दुसऱ्या कुलूपवाल्याचं कुलूपही सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास खटपट करून उघडलं. न उघडणारं कुलूप नसतं हे त्या उन्हाळ्यात लंडननं पाहिलं. चबची मूळ कल्पना मात्र तरीही खरीच राहिली. कुलूप हरलं तरी मालकाला कळायला हवं. इलेक्ट्रॉनिक लॉकबॉक्स याच वंशातला आहे. फक्त चबची पट्टी मालकाला सांगायची, आणि आजच्या पेटीची बातमी आधी एजंटाला जाते.

माझ्या मागणीवरही आक्षेप आहेत. आमच्या एका एजंट मैत्रिणीनं, ती पंधरा वर्षं हा व्यवसाय करते, मला स्पष्ट सुनावलं: ‘मालकाला प्रत्येक उघडझापेचा मेसेज गेला तर तो दिवसभर मलाच फोन करेल. सहाच लोक आले, काल आठ आले होते, किंमत कमी करू का? घर विकायच्या काळात लोक आधीच कासावीस असतात.’ खरं आहे. पण कासावीस माणसाला माहिती नाकारणं हा उपाय डॉक्टरांनीही आता सोडलाय. शिवाय किती लोक आले हे मालकाला कळू नये यात कधीकधी एजंटाचीही सोय असते, हे तिनंच नंतर कबूल केलं. दुसरा आक्षेप असा की भाडेकरूला नोंद मिळाली तर तो आडमुठेपणा करेल, विक्री लांबवेल. काही करतीलही. पण नोंद मिळाल्यानं त्याला नकाराचा कुठलाही नवा हक्क मिळत नाही. सूचना दिली असेल तर दार उघडायचं आहेच. सूचना न देता उघडलं तरच नोंद बोलते, आणि ज्याला त्याची भीती वाटते त्यानं सूचना द्यावी.

तिसरा आक्षेप घेणाऱ्यांच्या खासगीपणाचा. कोण घर बघून गेलं हे विकणाऱ्याला का कळावं? न्यूजडेचं उदाहरण मीच वर दिलंय, त्यामुळे हा प्रश्न मला टाळता येणार नाही. माझं उत्तर: ग्राहकाचं नाव कळायची गरज नाही. आडनाव वाचून किंमत ठरवणारे विकणारेही असतात. नोंदीत एजंटाचं नाव आणि वेळ एवढंच असावं. १७ ऑगस्ट २०२४ पासून एमएलएसवरचं घर दाखवायला नेण्याआधी ग्राहकाशी लेखी करार करणं एजंटाला बंधनकारक झालंय. म्हणजे एजंटाच्या दप्तरी ग्राहकाचा कागद आहेच. काही बिनसलं तर दुवा सापडतो, एरवी नाव झाकलेलं राहतं. आणि या नोंदीचा एजंटालाही आधार आहे. २०१४ मध्ये अर्कान्सात घर दाखवायला गेलेल्या एका महिला एजंटाचं अपहरण होऊन खून झाला. त्यानंतर रिकाम्या घरात अनोळखी माणसासोबत एकटीनं जाण्याबद्दल या व्यवसायात खूप बोललं गेलं. पेटी उघडली पण तासाभरात किल्ली परत आली नाही, हे दोन-तीन फोनांवर दिसणं तिच्याही हिताचं आहे.

कोणी म्हणतं, घरात कॅमेरे लावा, झालं. कॅमेरा बघणाऱ्यांवर नजर ठेवतो. ती माणसं नवरा-बायको म्हणून किमतीबद्दल आपसात बोलत असतात, आणि कॅलिफोर्नियात खासगी बोलणं सगळ्यांच्या संमतीशिवाय ध्वनिमुद्रित करणं गुन्हा आहे. मला त्यांचं बोलणं ऐकायचं नाही. माझ्या दाराबद्दल मला कळावं, इतकंच.

पुण्यातही हा प्रश्न आहे, फक्त पेटी नाही. परदेशात राहणाऱ्या आपल्यातल्या कितीतरी जणांचा एखादा फ्लॅट बाणेरला, वाकडला बंद पडलेला असतो आणि तो विकायला काढला की किल्ली वॉचमनच्या केबिनमध्ये खिळ्याला लटकते. गेटवर येणाऱ्या प्रत्येक डिलिव्हरीवाल्याचं नाव वहीत उतरतं. खिळ्यावरची किल्ली कोणी नेली आणि कधी आणली, यासाठी वही नसते. तिथे इलेक्ट्रॉनिक पेटीच हवी असं नाही. शंभर पानी वही आणि दर वेळी मालकाला एक व्हॉट्सॲप पुरे.

दोन वर्षांपूर्वी आम्ही आमचं घर विकलं तेव्हा लिस्टिंग कराराच्या लॉकबॉक्सच्या कलमाखाली मी हातानं एक ओळ लिहिली: आकड्यांची पेटी लावायची नाही, आणि प्रत्येक वेळी उघडल्याचा मेसेज घरातल्या दोघांच्या फोनवर येईल अशी सोय एजंटानं करायची. एजंट थोडा घुटमळला, मग ऑफिसात फोन करून आला आणि ओळीशेजारी त्यानं आद्याक्षरं घातली. पेटी दहा दिवस दारावर होती. सव्वीस वेळा उघडली, पंचवीस वेळा आधी ठरवून. सव्विसावा मेसेज मंगळवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी आला, त्या वेळी कोणाचीच वेळ ठरलेली नव्हती. मी एजंटाला फोन केला, त्यानं नाव बघून दुसऱ्या एजंटाला केला. सकाळी घराची तपासणी करायला आलेल्याची शिडी गॅरेजमध्ये राहिली होती, ती न्यायला ते दोघं आले होते. पाच मिनिटांत मला परत फोन आला. आई तेव्हा घरातच होती, वरच्या खोलीत. मी तिला फोन करून सांगितलं की खाली शिडीवाला आलाय, आणि ती म्हणाली, बरं, मग मी पडते जरा.